शून्याला शिकवू नये

मुलांनो, आधी एक काम करा. एक थर्मामीटर डोळ्यांपुढे आणा. नवाकोरा, काचेचा, अजून एकही आकडा न छापलेला. आत पाऱ्याची बारीक रेघ आहे. ऊन लागलं की ती वर चढते, गारवा लागला की खाली उतरते. पण ती कुठे पोचली म्हणजे किती झालं, हे तिला बिचारीला ठाऊक नाही. ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही तो थर्मामीटर वितळत्या बर्फात बुडवता, रेघ थांबते तिथे खूण करता आणि लिहिता शून्य. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरता आणि लिहिता शंभर. मधल्या जागेचे सारखे शंभर भाग पाडले की झालं. आता हा थर्मामीटर जन्मभर खरं बोलेल.

पण बर्फ कोणता आणि वाफ कोणती, हे सांगणारा माणूसच चुकला असेल तर?

एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल. आता माझ्याबरोबर सौरनगरला चला.

डॉ. रेवती हुपरीकर सौरनगर विद्यापीठाच्या फाटकाशी उतरल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. विनाचालक बस त्यांना सोडून निघून गेली आणि समोर त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं, दहा फुटी. फ्लेक्सवर त्यांच्या फोटोभोवती सूर्यकिरण काढले होते आणि खाली लिहिलं होतं, 'गुणवत्ताक्रांतीच्या जननीचे हार्दिक स्वागत!' उन्हाने फ्लेक्स फुगला होता, त्यामुळे जननीच्या एका गालाला सूज आल्यासारखी दिसत होती.

मग शाल झाली, श्रीफळ झालं, सेलोफेनमध्ये गुदमरलेला गुच्छ झाला. पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख प्रा. अच्युत निंबाळे स्वतः छत्री धरून आले होते. गुबगुबीत, हसतमुख माणूस, गालात सुपारी.

"एका पोराच्या अर्जावर तुम्ही एवढ्या लांब याल असं वाटलं नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. "अर्ज कसले, नापास पोरांचं रडगाणं असतं ते."

"हे पत्र रडगाणं नव्हतं," रेवतीबाई म्हणाल्या.

ते पत्र त्यांच्या पर्समध्ये होतं. इलाही मुजावर नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लिहिलेलं, दोनच ओळींचं. 'मॅडम, तुमच्या यंत्राने मला शंभरपैकी नऊ गुण दिले आहेत. याहून कमी समजून घ्यायचं असेल तर मी काय करावं?'

यंत्राचं नाव बोधमापी. नऊ वर्षांपूर्वी रेवतीबाईंनी ते बनवलं तेव्हा जगातल्या गरीब देशांत विद्यापीठं भराभर उघडत होती, पदव्या छापून निघत होत्या, आणि पदवीधराला साधा फ्यूज बसवता येत नव्हता. परीक्षेतले गुण कुणी खरे मानेना. मग रेवतीबाईंना वाटलं, गुण कागदावरून कशाला द्यायचे? सरळ मेंदूत डोकावून पाहावं. संवेदकांची टोपी डोक्यावर घालायची, एक प्रश्न ऐकवायचा, आणि तो ऐकल्यावर मेंदूत विचाराची वीज कशी फिरते त्याचा आलेख काढायचा. एकतीस देशांच्या दक्षिण विद्यापीठ संघाने ते यंत्र डोक्यावर घेतलं. आज तीनशे बारा विद्यापीठांत ते बसलेलं होतं आणि सगळीकडे गुणांची सरासरी वर चढत होती. दरवर्षी संघाकडून बाईंना आकड्यांचा तक्ता यायचा. तो पाहून त्यांना झोप छान लागायची.

प्रयोगशाळेकडे जाताना जिन्याच्या भिंतीवर निळ्या रंगात दोन सूचना दिसल्या. वरची होती, 'शून्याला शिकवू नये.' खालची होती, 'येथे थुंकू नये.' खालच्या सूचनेवर कुणीतरी नेम धरून थुंकलं होतं. वरची बाईंना गणित विभागाची काहीतरी थट्टा वाटली. नाकाला रुमाल लावून त्या पुढे गेल्या.

निंबाळे सरांनी पहिल्यांदा आपला हिरा पेश केला. शंतनू बोंद्रे, बोधगुण शहाण्णव. इस्त्रीचा शर्ट, सुवाच्य जर्नल. बाईंनी जर्नल उघडलं. पहिला प्रयोग साध्या लंबकाचा : धाग्याला गोळा बांधायचा, झुलवायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. बाईंची नजर एका ओळीवर अडकली.

"धाग्याची लांबी शंभर मीटर?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम."

"मीटर?"

"हो मॅडम. शंभर मीटर."

"अरे बाळा, शंभर मीटर म्हणजे तेहतीस मजले. एवढा धागा टांगलास कुठे?"

शंतनू घाबरला नाही, गोंधळलाही नाही. त्याने फक्त निंबाळे सरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जर्नलमध्ये टांगला, मॅडम."

बाईंनी पुढचं जर्नल उघडलं. शंभर मीटर. त्याच्या पुढचं, शंभर मीटर. कपाटात मागच्या वर्षीची जर्नलं होती, त्याच्या मागच्याही वर्षीची. प्रत्येक पोराने वरच्या वर्गातल्या पोराचं जर्नल आणून उतरवलं होतं, जसं त्याने त्याच्या वरच्याचं उतरवलं होतं. कधीतरी चौदा वर्षांपूर्वी एका झोपाळलेल्या हाताने सेंटिमीटरच्या जागी मीटर लिहिलं, आणि चौदा वर्षं त्याखाली 'तपासले' असा लाल शेरा आणि सही पडत गेली. सगळ्यांची वाचनं एकसारखी : वीस झोके, चाळीस सेकंद. तेहतीस मजल्यांच्या लंबकाला एका झोक्याला वीस सेकंद लागतील, आणि इथे दोन सेकंदांत एक झोका! बाईंनी जर्नल हातभर लांब धरलं. शिळ्या भाताचं झाकण उघडावं आणि आत बुरशी लवलवताना दिसावी, तसं.

"इलाही मुजावरचं जर्नल कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

ते वेगळं ठेवलं होतं, पुरावा म्हणून. त्यात धागा सत्त्याऐंशी सेंटिमीटर होता आणि वीस झोक्यांना साडेसदतीस सेकंद. त्यावर लाल शाईत शेरा होता, 'वाचने जुळत नाहीत.'

"सत्त्याऐंशीच का रे?" बाईंनी इलाहीला बोलावून विचारलं. तो उंच, किडकिडीत मुलगा दाराशी उभा होता. हिऱ्याला बसायला खुर्ची होती, याला नव्हती.

"शंभरचाच घेतला होता, मॅडम. गाठ मारताना तुटला. उरला तेवढ्यावर केलं."

"आणि गोळा जड घेतला असता तर झोका लवकर झाला असता?"

इलाहीने छताकडे पाहिलं, मग हाताने हवेत एक झोका दिला. "आधी वाटलं होतं, होईल. म्हणून गोळ्याऐवजी कुलूप बांधून पाहिलं. फरक पडला नाही. मग वाटलं, जडाला खाली ओढ जास्त, पण त्याला हलवायलाही जोर जास्त लागणार. दोन्ही फिटतात. पण मग... हवेचं काय, हे अजून नीट कळलं नाही मला."

"बघा!" निंबाळे सर टाळी वाजवून म्हणाले. "स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कळलं नाही म्हणून. यंत्र खोटं कसं बोलेल, मॅडम? उद्या अकराला आपली वार्षिक मापनिश्चिती. ती पार पडली की वर्षाचे गुण कायम होतात, आणि दहाच्या आतल्यांचं नाव पटावरून कमी होतं. संघाचाच नियम आहे. यंदा एकच नाव आहे, बिचारं."

त्यांचं 'बिचारं' सुपारीच्या लाळेत भिजलेलं होतं.

बाईंनी इलाहीला बाहेर थांबायला सांगितलं आणि बोधमापीच्या पडद्यासमोर बसल्या. तारा तपासल्या, संवेदक तपासले, सगळं चोख. मग नऊ वर्षांत जे एकदाही केलं नव्हतं ते त्यांनी केलं. आकडे बाजूला सारले आणि नुसते आलेख उघडले.

शंतनूचा आलेख म्हणजे एक सरळ, काळी रेघ. प्रश्न कानावर पडला आणि वीज एकाच गटारातून वाहत थेट उत्तराशी जाऊन थांबली. इलाहीच्या आलेखात वीज चारी वाटांनी पसरली होती, मागे वळली होती, पुन्हा फुटली होती. पारंब्या सोडलेलं वडाचं झाडच ते.

बाई निंबाळे सरांकडे वळल्या. "सर, तुम्ही मापनिश्चिती कशी केलीत?"

"तुमच्याच पुस्तिकेप्रमाणे," निंबाळे सर अभिमानाने म्हणाले. "पान चार. 'प्रत्येक विषयात आणि प्रत्येक भाषेत मेंदूची चाल वेगळी असल्याने यंत्राला दोन खुणा जागेवरच शिकवाव्यात. ज्याला विषय माहीत नाही अशा व्यक्तीचा आलेख हा अज्ञानबिंदू, म्हणजे शून्य. ज्याला विषय समजला आहे अशा व्यक्तीचा आलेख हा बोधबिंदू, म्हणजे शंभर.' यंत्र फक्त एवढंच सांगतं की पोरगं या दोन खुणांच्या मध्ये कुठे आहे. बरोबर?"

"बरोबर. शंभर कोण आहे?"

निंबाळे सर लाजले. खरंच लाजले. "विभागप्रमुख या नात्याने, आपला मीच."

त्यांनी कपाटातून आपली वही आणून बाईंच्या हातात ठेवली. सव्वीस वर्षं ते याच वहीतून वर्गात उतरवून देत होते. पानांचे कोपरे थुंकी लावलेल्या बोटाने उलटून उलटून तपकिरी, मऊ झाले होते. त्यात स्वल्पविरामसुद्धा अक्षरात लिहिले होते, म्हणजे सांगताना चुकायला नको. 'लंबकाचा आवर्तकाळ, स्वल्पविराम, धाग्याच्या लांबीवर अवलंबून असतो, पूर्णविराम. पान उलटा.' शंभर सेंटिमीटरचं शंभर मीटर सरांनी दहा वर्षांपूर्वी मुलांच्या जर्नलांवरून 'दुरुस्त' करून घेतलं होतं. बाईंनी वही टेबलावर ठेवली आणि बोटं पदराला पुसली. पुसूनही ती चिकटच वाटत राहिली.

"आणि शून्य?"

"ए शून्या!" सरांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "इकडे ये गं!"

दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आत आली. दोन वेण्या, विद्यापीठाने दिलेला निळा फ्रॉक. तिने खाली मान घातली होती. पण मान खाली ठेवूनही डोळे टेबलावरच्या झुलत्या गोळ्याकडे चालले होते.

"ही मैना. आपल्या परिचराची, गोरख खिलारेची मुलगी. तीन वर्षांपूर्वी हिच्यावर शून्य बांधलं. अतिशय उत्तम शून्य आहे, मॅडम, अगदी स्थिर. आम्ही राखलंयच तसं. ग्रंथालयात हिला जाऊ देत नाही. शाळेला पत्र दिलंय, विज्ञानाच्या तासाला हिला व्हरांड्यात बसवतात. कारण समजा, ही काही शिकली, तर शून्य सरकायचं! मग सगळ्या पोरांचे गुण कोसळले की हो."

जिन्यातली सूचना थट्टा नव्हती.

बाईंनी पडद्यावर मैनाचा आलेख उघडला. इलाहीचं झाड हिच्यापुढे रोपटं होतं. आठ वर्षांच्या त्या पोरीला लंबकाचा प्रश्न ऐकवला होता आणि तिच्या डोक्यात अख्खं रान पेटलं होतं. शेजारी निंबाळे सरांचा आलेख. सरळ, काळी रेघ.

"सर," बाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही वाफेवर शून्य लिहिलंय आणि बर्फावर शंभर."

"म्हणजे?"

"म्हणजे हे यंत्र विचार करण्याला अज्ञान म्हणतंय आणि पाठांतराला बोध. जो विचार करतो तो मैनासारखा दिसतो, म्हणून शून्याजवळ. जो घोकतो तो तुमच्यासारखा दिसतो, म्हणून शंभराजवळ. इलाहीचे नऊ म्हणजे..."

"असं कसं? मी प्राध्यापक आहे." सर रागावले नाहीत, त्यांना खरोखर कळत नव्हतं. "माझ्या सरांनी मला असंच शिकवलं. त्यांच्या सरांनी त्यांना. पोरं पास होतात, नोकरीला लागतात. आणखी काय असतं शिकवणं?"

"हे उलटं आहे, सर!"

"मग एकतीस देशांत उलटं असेल," निंबाळे सर शांतपणे म्हणाले आणि सुपारी या गालातून त्या गालात फिरवली. "सगळीकडे शंभराच्या खुर्चीत विभागप्रमुखच बसलाय आणि शून्याला कुणाचं तरी पोरच धरलंय. सगळ्यांचीच सरासरी चढलीय. जे सगळीकडे उलटं, मॅडम, त्यालाच सुलटं म्हणतात. तुम्ही संघाला लिहा हवं तर. बैठक नऊ महिन्यांनी असते. चहा घेणार?"

बाईंना त्या क्षणी त्या माणसाची शिसारी आली, त्याच्या वहीची आली, फाटकावरच्या आपल्या सुजलेल्या फोटोची आली. सगळ्यात जास्त आली ती पान चारवरच्या आपल्याच वाक्याची. 'ज्याला विषय समजला आहे अशी व्यक्ती.' प्राध्यापकाला विषय समजलेलाच असणार, हे त्या धरून चालल्या होत्या. त्यांच्या संस्थेत ते खरं होतं. बाहेर जाऊन कधी पाहिलंच नव्हतं. नऊ वर्षं तक्ते पाहिले, आलेख पाहिला नाही. जर्नल न वाचता सही करणाऱ्या मास्तरात आणि त्यांच्यात फरक तो काय?

चहा न घेता त्या बाहेर आल्या.

व्हरांड्यातल्या बाकावर मैना आणि इलाही बसले होते. इलाही तिला सुतळीच्या गुंडीला दगड बांधून देत होता. बाईंना पाहताच त्याने सुतळी पाठीमागे लपवली.

"लपवू नकोस," बाई म्हणाल्या आणि शेजारी टेकल्या.

"सरांनी पाहिलं तर तिच्या वडिलांना बोलणी बसतील, मॅडम," इलाही म्हणाला. "माझं काय, उद्या चाललोच आहे मी."

"दादा, तू खरंच जाणार?" मैनाने विचारलं. "का पण? तुला तर सगळं करून बघता येतं."

"नऊ मिळाले ना मला. तुझ्या शेजारचा नंबर."

मैना हसली नाही. ती बाईंकडे वळली. "तुम्ही शाळेतल्या बाई आहात का?"

"होते, खूप वर्षांपूर्वी. तुला सांगू का ते यंत्र कसं चालतं?"

"मला सांगायचं नसतं. मी शून्य आहे."

"मला सांगायचं असतं," बाई म्हणाल्या. आणि मुलांनो, मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं ना, अगदी तस्संच त्यांनी मैनाला थर्मामीटरचं सांगितलं. बर्फ, वाफ, मधले शंभर भाग. मग जमिनीवर खडूने एक रेघ ओढली. "हे तुझं टोक, ते निंबाळे सरांचं. इलाही तुझ्यापासून किती लांब आहे ते मोजायचं, आणि त्याला सर तुझ्यापासून जेवढे लांब आहेत तेवढ्याने भागायचं. मग शंभराने गुणायचं. झाले गुण."

मैना त्या रेघेकडे बघत राहिली. मग उठून रेघेच्या आपल्या टोकावर उभी राहिली, आणि पाऊल पाऊल टाकत सरांच्या टोकावर जाऊन उभी राहिली.

"आणि मी इथे येऊन बसले तर?"

"तर मधे अंतरच उरणार नाही."

"म्हणजे शून्य अंतर." ती पुटपुटली. "शून्याने भागता येत नाही. गणिताच्या बाईंनी सांगितलंय. गणिताला मला आत बसू देतात."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने वाकून खडूची रेघ फ्रॉकच्या टोकाने पुसली आणि विचारलं, "बाई, निंबाळे सरांची वही कुठे ठेवतात?"

दुसऱ्या दिवशी अकराला सभागृह भरलं होतं. कुलसचिव नियमांचं पुस्तक घेऊन बसले होते. पहिल्या रांगेत शंतनू होता. शेवटच्या रांगेत, आपली पिशवी भरून आणलेला इलाही. मापनिश्चितीचा प्रश्न दरवर्षी तोच आणि तोही ध्वनिमुद्रित : 'साध्या लंबकाविषयी तुम्हाला काय समजले आहे?'

आधी निंबाळे सरांनी टोपी घातली. प्रश्न वाजला. पडद्यावर सरळ, काळी रेघ उमटली. टाळ्या झाल्या.

मग मैना खुर्चीत बसली. टोपी तिला मोठी होत होती, गोरखने ती हाताने नीट केली. पोरीचा चेहरा शांत होता. प्रश्न वाजला. मैनाने डोळे घट्ट मिटले आणि तिचे ओठ हलू लागले.

पडद्यावर एक रेघ निघाली. सरळ. कुठे फाटा फुटला नाही, कुठे वळण नाही. ती सरांच्या रेघेवरून अशी धावत गेली की खालची रेघ दिसेनाशी झाली.

यंत्र सभ्य आवाजात म्हणालं, "अज्ञानबिंदू आणि बोधबिंदू यांत अंतर नाही. मापनपट्टी तयार होऊ शकत नाही."

"पुन्हा घ्या," सर म्हणाले. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. यंत्र तीनदा तेच म्हणालं.

"हिला कुणी शिकवलं?" सर ओरडले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडात सुपारी नव्हती. "नियम मोडलाय! शून्याला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही, सर," मैना म्हणाली. "मी पाठ केलंय. लंबकाच्या धाग्याची लांबी शंभर मीटर घ्यावी, पूर्णविराम, नवा परिच्छेद. वीस आंदोलनांचा वेळ चाळीस सेकंद भरतो, पूर्णविराम, पान उलटा. तुमच्याच वहीतलं आहे."

"ऐकलंत?" सर कुलसचिवांकडे वळले. "हिला काही कळलेलं नाही! ही नुसती पोपटपंची आहे, याला समजणं म्हणत नाहीत!"

सभागृहात कुणीतरी खोकलं. मग रेवतीबाई उभ्या राहिल्या.

"अगदी खरं आहे, सर. याला समजणं म्हणत नाहीत. पण हिच्या रेघेखाली जी दुसरी रेघ आहे, ती कुणाची?"

निंबाळे सरांनी तोंड उघडलं, पडद्याकडे पाहिलं आणि ते मिटलं. मागच्या रांगेतून एक पोर फिस्सकन हसलं, मग दुसरं. सर मात्र पडद्यावरून नजर काढेनात. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी असा आरसा दाखवला नव्हता, आणि तो पाहून माणसाचं काय होतं हे मी तुम्हाला हसत सांगणार नाही.

"दुसरं शून्य आणता येईल," ते शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "गावात पोरं काय कमी आहेत?"

कुलसचिवांनी चष्मा लावून नियम वाचला. "आणता येईल. मात्र खूण बदलली की पट्टी बदलते, त्यामुळे आधीच्या पट्टीवर दिलेले सगळे गुण रद्द. मुजावरचे नऊही आणि बोंद्रेचे शहाण्णवही. तीन वर्षांचे."

"आणि पट्टीच नसेल तर?" रेवतीबाईंनी विचारलं.

"तर कुणालाच काही गुण नाहीत. त्यामुळे काढूनही टाकता येत नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "मग आता पोरांना कळलंय की नाही, हे ठरवायचं कसं?"

त्या विद्यापीठात आजवर एकाही मास्तराने पोरांना विचारूनच पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर रेवतीबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी पत्र लिहायला घेतलं. ते संघाला नव्हतं. तीनशे बारा विद्यापीठं, म्हणजे तीनशे बारा शून्यं. कुठल्या तरी व्हरांड्यात बसवलेली तीनशे बारा पोरं. पत्राची पहिली ओळ होती, 'मुलांनो, आधी एक काम करा. एक थर्मामीटर डोळ्यांपुढे आणा.'

मैना येऊन शेजारी उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाई, एक झालंय. काल पहिल्यांदा वाचलं ना, तेव्हा 'शंभर मीटर' आलं की डोक्यात यायचं, एवढा धागा टांगायचा कुठे? तसं आलं असतं तर रेघेला फाटा फुटला असता. म्हणून मी ते येऊच दिलं नाही. पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं. बावीस वेळा. मग ते यायचं थांबलं." तिने बाईंच्या कागदाकडे पाहिलं. "आज सकाळपासून आलंच नाही. ते परत येतं ना?"

बाईंची लेखणी थांबली. बावीस वेळा. एवढीशी पोर, अख्ख्या रानाएवढं डोकं, आणि बावीस वाचनं पुरली. इथली पोरं तर पंधरा-पंधरा वर्षं वाचत होती. त्यांनी मैनाचा हात हातात घेतला, पण खोटं सांगवेना. परत येतं की नाही, हे मापणारं यंत्र त्यांच्याजवळ नव्हतं.

इलाही पिशवी खांद्याला लावून जिना उतरत होता. आज कुठेही जायचं नव्हतं, तरी पिशवी खाली ठेवायचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. कालची सुतळीची गुंडी पिशवीच्या तोंडातून अर्धी बाहेर लोंबत होती, टोकाला दगड, आणि प्रत्येक पायरीसरशी तो दगड डुलत होता.

मैना त्या दगडाकडे पाहत राहिली. एक झोका, दोन झोके, तीन. मग तिने बाईंच्या हातातून हात सोडवला, धावत जाऊन इलाहीच्या पिशवीतून गुंडी ओढून काढली आणि मान वर करून इमारती एकेक न्याहाळू लागली. प्रयोगशाळा, मग ग्रंथालय, मग त्याच्याही मागची पाण्याची उंच टाकी.

"दादा," तिने विचारलं, "इथे सगळ्यात उंच काय आहे?"

आणि उत्तराची वाट न पाहता ती टाकीकडे पळत सुटली.